भरतीवाले साहेब तिला काय विचारत होते

बारकी सकाळी आपणहून उठायला लागली, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली.

बारकी म्हणजे माझी नणंद. नाव बारकी, पण उंचीनं भावाच्याही वर गेलेली. लहानपणी चिकटलेलं नाव आता अंगाला येत नाही, तरी उतरवायचं कुणाच्या लक्षात येत नाही. बारावीचा निकाल लागला, ना फार चांगला ना फार वाईट, आणि ती आमच्याकडे राहायला आली. शहरात राहिली की पुढचं काहीतरी सुचेल, असं सासूबाईंचं म्हणणं. सुचलं काहीच नाही. मात्र त्याच सुमारास बाळंतपणानंतर घरी बसलेली मी पुन्हा चष्म्याच्या दुकानात कामाला जायला लागले होते, आणि दीड वर्षाच्या ढब्बूला दिवसभर बघायला घरचंच माणूस मिळालं. ही व्यवस्था सगळ्यांच्या सोयीची होती, त्यामुळे तिच्यावर कुणी बोलत नव्हतं.

तर ही मुलगी, जिला उठवायला मी ढब्बूला तिच्या अंगावर सोडत असे, ती आता आमच्या आधी उठून कुठेतरी जाऊन येत होती. मी कामावर निघायच्या आत परत. चेहरा लाल, केस वर घट्ट बांधलेले, आणि भूक अशी की पावाचं अख्खं पाकीट एका बैठकीत फस्त. विचारलं तर म्हणायची, जरा फिरून आले. मी तिच्या बुटांचे तळवे पाहिले. बारीक करडी खडी होती. आमच्या भागात तशी खडी एकाच ठिकाणी, शाळेमागच्या मैदानात. मग ओट्यावर एक हिरवी बाटली दिसली. तिच्यावरचं लेबल नखानं खरवडून काढलेलं होतं. जी मुलगी टूथपेस्टचं झाकण लावत नाही, ती लेबल खरवडत बसते?

नवऱ्याला सांगितलं. तो शीतगृहात पाळीनं काम करतो, घरी येतो तेव्हा अर्धा झोपेतच असतो. तो म्हणाला, "तू दुकानात नजर तपासतेस, घरी नजर ठेवतेस. कधीतरी डोळे मिटत जा." आणि स्वतःचे मिटले.

मला वाटलं होतं, मुलगा असणार. वयच तसं. म्हणून सुट्टीच्या दिवशी ढब्बूला बाबागाडीत घातलं आणि सहज म्हणून मैदानाकडे वळले.

मुलगा नव्हताच, मुलं होती. तिच्याच वयाची दहा-पंधरा मुलंमुली मैदानाला फेऱ्या घालत होती. सगळ्यांच्या हातांत तीच हिरवी बाटली, आणि त्यांच्या बाटल्यांवर लेबल होतं. सैन्याचं बोधचिन्ह. बाकावर चाळिशीचा एक माणूस बसला होता. गळ्यात शिट्टी, पण ती त्यानं एकदाही वाजवली नाही. मला बघून उठला, बाबागाडीत वाकला आणि म्हणाला, "हा ढब्बू ना? दात आले का दाढेचे?"

माझ्या मुलाचं घरातलं नाव एका परक्या माणसाला ठाऊक होतं. दाढेचंसुद्धा.

त्यानं स्वतःहून ओळख दिली. सैन्यभरतीच्या कार्यालयात असतो, बसथांब्यासमोर, मोबाईल दुरुस्तीच्या दुकानाला लागून. सकाळचा हा व्यायाम कुणालाही मोफत, भरतीशी त्याचा काही संबंध नाही. मी विचारलं, मग बाटल्या कसल्या. तो म्हणाला, "पाणी प्यायला, ताई." इतकं साधं उत्तर की पुढे काही विचारताच येईना. पलीकडून बारकी धावत आली, मला पाहून तिचा वेग मंदावला, आणि मग मी तिला दिसलेच नाही असं दाखवत ती पुढची फेरी घालायला गेली.

घरी आल्यावर मी आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. तिला भांडून मोकळं होता आलं असतं. तिनं थोडं थोडं सांगितलं. आधी, नुसती धावते. मग, त्यांची नवी तुकडी निघते आहे. मग, वैद्यकीय तपासणी पुढच्या आठवड्यात आहे, नाव दिलेलं नाही पण साहेब म्हणाले की जागा धरून ठेवतो. शेवटी माझ्याकडे पाहून म्हणाली, "जाऊ का गं वहिनी?" चहात अजून साखर घालू का, असं विचारावं तशा सुरात.

तो सूर माझ्या डोक्यातून जाईना. माझ्या वर्गातली एक मुलगी सैन्यात गेली होती. सातवीपासून ती तेच म्हणत होती, इतकं की आम्ही कंटाळलो होतो. ती गेली, रुळली, तिथेच बढती मिळवली. तिची मला कधी काळजी वाटली नाही. पण बारकीला गेल्या दोन महिन्यांत बेकरी काढायची होती, प्राण्यांची डॉक्टर व्हायचं होतं, विमानात काम करायचं होतं, आणि मधले कित्येक दिवस काहीच करायचं नव्हतं. अशा मुलीकडे काही न ठरलेल्या वयात कुणी सही मागितली, तर माझे कान उभे राहणारच.

नवऱ्याशी बोलले तर तो अनपेक्षितपणे जागा झाला. म्हणाला, "मीही बारावीनंतर काही ठरवलं नव्हतं. जिथे पहिलं काम लागलं तिथेच आहे. मला तर कुणी पळायलाही शिकवलं नाही." मी म्हटलं, तुला शीतगृह आवडलं नसतं तर दुसऱ्या दिवशी सोडता आलं असतं. तो म्हणाला, "आलं असतं. सोडलं का?" मी त्याच्यावरच चिडले. सासूबाई फोनवर आधी रडल्या, मग तिथे जेवण पोटभर मिळतं का ते विचारलं, आणि ठेवता ठेवता म्हणाल्या, गणवेशातला फोटो आला की लगेच पाठवा.

रविवारी दुपारी भरतीवाले साहेब घरी आले. कुटुंबाला भेटायची त्यांची पद्धत आहे म्हणे. त्यांनी बूट दाराबाहेर जोडीनं, टाचेला टाच लावून ठेवले. सोफ्यावर न बसता खाली सतरंजीवर ढब्बूजवळ बसले. ढब्बू, जो स्वतःच्या आत्याशिवाय कुणाकडे जात नाही, तो त्यांच्या मांडीवर चढून शिट्टी चोखायला लागला. मी शिट्टी काढून घेतली, पुसली आणि परत त्यांच्याच हातात दिली.

मी प्रश्न तयार ठेवले होते. रात्र रात्र मोबाईलवर वाचून एकेक जमवलेले. मला वाटत होतं, माणूस कुठेतरी गुळगुळीत बोलेल आणि मी त्याला धरीन. पण तो कुठेच सटकेना. लढाईच्या ठिकाणी पाठवतील का? पाठवू शकतात, मुलींनाही. करार किती वर्षांचा? पाच. मधेच सोडता येतं का? जवळजवळ नाही. लोकांना इजा होते का? होते, सरावातही होते. त्यांच्या स्वतःच्या गुडघ्यात खिळा आहे, बघायचा का? त्यांनी पँट वर करायला हातही घातला. नवरा हसला. मला मात्र जास्तच धास्ती वाटली. खोटं बोलणारा माणूस पकडता येतो. सगळं खरं सांगूनही ज्याचं दुकान चालतं, त्याच्यापुढे करायचं काय?

चहा झाला. मग ते बारकीकडे वळले आणि दोन बोटं वर करून म्हणाले, "वैद्यकीय पथक आवडेल की वाहतूक?"

"वैद्यकीय," बारकी लगेच म्हणाली. तिचा चेहरा उजळला.

"वा. आत्ताची तुकडी की सहा महिन्यांनंतरची?"

"आत्ताचीच. उगाच वेळ घालवून काय करू?"

"तपासणीला एकटी येशील की मैत्रिणींबरोबर गाडीतून?"

"गाडीतून."

बघता बघता सगळं ठरून गेलं होतं. कपबश्या उचलता उचलता मी थांबले. मी डोळे तपासायचं शिक्षण कॉलेजात घेतलं आहे आणि दिवसभर करते तेच: माणसाला खुर्चीत बसवायचं, नाकावर जड गोल फ्रेम चढवायची, एक काच घालायची, काढायची, दुसरी घालायची, आणि विचारायचं, हे बरं की हे? माणूस नेहमी निवडतो. आमच्यात एक युक्ती आहे. माणूस अंदाजानं बोलतोय असा संशय आला की तीच काच काढून पुन्हा तीच घालायची आणि विचारायचं, आधीचं बरं की आत्ताचं? शंभरात बरेच लोक म्हणतात, आत्ताचं. छातीठोकपणे म्हणतात. त्यांना दिसत असतं तेच, पण विचारलं आहे म्हटल्यावर उत्तर द्यायला हवं असं त्यांना वाटतं. आणि उत्तर दिलं की ते खूश होतात, जणू पेपर सोपा गेला.

बारकीचा चेहरा तसा झाला होता.

मी म्हटलं, "साहेब, जायचं की नाही, हे तुम्ही तिला विचारतच नाही."

नवऱ्यानं माझ्याकडे पाहून भुवया उंचावल्या. साहेबांनी मात्र वाईट वाटून घेतलं नाही. म्हणाले, "नाही विचारत, ताई. ते विचारलं की पोरं स्वतःचं उत्तर देत नाहीत. घरच्यांचं देतात." मग ढब्बूला अलगद खाली ठेवून उठले. "तुम्ही विचारून बघा ना."

जाताना दारात त्यांनी सहज आठवल्यासारखं सांगितलं की तपासणीत सगळ्यात जास्त पोरं डोळ्यांवर गळतात. वहिनी याच कामातल्या आहेत तर आधीच बघून घ्या, उगाच हेलपाटा नको. ते मला म्हणाले की बारकीला, कळलं नाही. जिना उतरताना त्यांच्या बुटांचा आवाज येत होता, एका लयीत, आणि मी दार लावूनही ऐकत उभी होते. हे त्यांनी माझ्या हातात का दिलं? माझ्यावर विश्वास म्हणून, की मी काय करते ते बघायला?

बारकी दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत दुकानात आली. ढब्बूला शेजारच्या काकूंकडे ठेवलं होतं. दुकानाचे मालक जेवायला गेले होते. मी तिला आतल्या खोलीत नेलं, खुर्ची खाली केली, कारण तिची उंची, आणि दिवा मंद केला.

त्या खोलीत माझा शब्द शेवटचा असतो. मी म्हटलं की तुला दूरचं कमी दिसतं, तर माणूस पैसे मोजून चष्मा घेऊन जातो. मला पुरावा मागत नाही. बारकीला मी सांगितलं असतं की तुझी नजर त्यांच्या मर्यादेत बसत नाही, जाऊन उगाच हसं होईल, तर तिनं मान डोलावली असती आणि संध्याकाळपर्यंत तिला दुसरं काहीतरी व्हायचं असतं. कुणाचं काय बिघडलं असतं? फ्रेम तिच्या नाकावर चढवताना मी हे वाक्य मनात जुळवत होते. "घाबरण्यासारखं नाही, पण" अशी सुरुवात करायची. माझा आवाज कसा लागेल, तेही ठरवलं होतं.

तिनं शेवटची ओळ घडाघडा वाचली. दोन्ही डोळ्यांनी. मी उगाचच एक काच घातली, काढली.

"हे बरं की हे?"

फ्रेमच्या मागून ती म्हणाली, "वहिनी, तूही असंच विचारतेस."

"काय?"

"सकाळचं कॉलेज की संध्याकाळचं. परवा विचारलंस. त्याआधी, इथलं कॉलेज की घरी बसून परीक्षा." तिचा आवाज भांडणाचा नव्हता, नुसता दमलेला होता. "कुठलंही घेतलं तरी दुपारी मी ढब्बूजवळच. मी हिशेब करून पाहिला."

मी काचांची पेटी बंद केली. मला रागच आला आधी. हिच्या भल्यासाठी मी रात्रीचे डोळे फोडून वाचत होते, आणि ही मला त्या शिट्टीवाल्याच्या रांगेत बसवते? मग आठवायला लागले. सकाळचं कॉलेज मी सुचवलं तेव्हा दुकानाची वेळ डोक्यात होती का? होती. दुसऱ्या शहरातल्या, वसतिगृह असलेल्या कॉलेजचा कागद तिनं मला दाखवला होता, तेव्हा मी काय म्हटलं? लांब आहे, म्हटलं. नकाशा बघितला होता का? नाही. मला तिची काळजी होती, यात खोट नव्हती. पण त्या काळजीला माझ्या सोयीचा वास येत होता, आणि तो तिला आला होता, मला नाही.

मी तिच्या नाकावरची फ्रेम काढली. तिथे लाल खळगे पडले होते.

"डोळे उत्तम आहेत तुझे," मी म्हटलं. "त्यांच्या तपासणीत आरामात पास होशील."

तिला धक्का बसला. बहुधा तिनंही दुसरंच वाक्य अपेक्षिलं होतं.

"जायचं आहे का तुला?" मी विचारलं.

ती भिंतीवरच्या अक्षरांकडे बघायला लागली. "माहीत नाही," म्हणाली. "कुणी दोन गोष्टी पुढे ठेवल्या की मला पटकन एक सांगता येते. मग सगळे म्हणतात, बघ, कळतं तुला. तेवढं बरं वाटतं. नुसतं 'काय करायचं आहे' विचारलं की पोटात खड्डा पडतो." मग तिनं नाक चोळलं. "तिथे तो खड्डा कुणी पडू देत नाही. सकाळी काय, दुपारी काय, सगळं कुणीतरी सांगतं. मला तेच आवडलं. वाईट आहे का ते?"

मी नाही म्हटलं, कारण ते वाईट नव्हतं. पण पाच वर्षांच्या करारावर सही करायला ते पुरतं का, हे मला ठरवता येईना, आणि माझं ठरवणं आता मलाच संशयास्पद वाटत होतं.

त्याच संध्याकाळी मी ढब्बूचं नाव पाळणाघरात घातलं. नवरा म्हणाला, बारकी आहे की. मी म्हटलं, ती आहे म्हणूनच. त्याला ते नीट कळलं नाही, आणि बारकीला वेगळंच कळलं. ती भांडी विसळत होती, तिथूनच म्हणाली, "म्हणजे मी नको झाले." मी समजावायला गेले की आता तू मोकळी आहेस, राहायचं तर राहा, जायचं तर जा, आमच्यासाठी थांबू नको आणि आमच्यापासून पळूही नको. ती ऐकत होती, पण नळ तिनं बंद केला नाही.

पाळणाघराचा पहिला दिवस आणि तिच्या तपासणीची सकाळ एकच निघाली. आम्ही तिघं बरोबर निघालो. दारात ढब्बूनं बारकीचा सदरा दोन्ही मुठींत धरला आणि असा आकांत केला की मलाही वाटलं, जाऊ दे, उद्यापासून. बारकी माझ्याकडे बघत होती. मी एक शब्द बोलले असते तर ती त्याला घेऊन घरी गेली असती. तिला तो शब्द हवा होता, हे मला स्पष्ट दिसत होतं. मी ढब्बूच्या मुठी सोडवल्या आणि त्याला आतल्या बाईंकडे दिला.

बसथांब्याशी आलो. समोर भरतीचं कार्यालय, मोठी काच, आत फलक आणि टेबल. बाहेर मुलांना न्यायला गाडी उभी होती, तिच्यात दोघी-तिघी आधीच बसलेल्या. बारकी म्हणाली, "तू चल ना बरोबर." मी नाही म्हटलं. ती रस्ता ओलांडून आत गेली. काचेतून मला साहेब उठून उभे राहिलेले दिसले. ती बोलत होती, ते ऐकत होते. एकदा त्यांनी काही विचारलं, तिनं मान हलवली. पुन्हा विचारलं, पुन्हा हलवली. मग त्यांनी हात पुढे केला, तिनं तो हातात घेतला. हा हात करार पक्का झाल्याचा की निरोपाचा, इतक्या लांबून कळत नव्हतं.

ती बाहेर आली. गाडीत बसली नाही. गाडी तिच्यासमोरून निघून गेली आणि आतल्या एकीनं हात केला.

"आत्ता नाही येत, म्हणून सांगितलं," ती माझ्यापाशी येऊन म्हणाली. "कधी येईन, तेही नाही सांगितलं."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, बरं. धावायला येत जा." ती रडवेली दिसत होती, सुटल्यासारखी मुळीच नाही. "चांगले आहेत गं ते."

मला ते पटत नव्हतं आणि खोडूनही काढता येत नव्हतं. थांबायची ज्याची तयारी आहे, त्या माणसाची मला घाई करणाऱ्यापेक्षा जास्त भीती वाटते.

"आता काय करू मी?" तिनं विचारलं.

माझ्या जिभेवर तयार होतं. त्या वसतिगृहाच्या कॉलेजचे अर्ज अजून सुरू होते. मी गुपचूप पाहून ठेवलं होतं. ते सांगितलं असतं तर ती हो म्हणाली असती, लगेच, खुशीनं. मी म्हटलं, "मला माहीत नाही."

"तू मोठी आहेस ना?" तिचा आवाज चढला. "दादा झोपलेला, आई रडणार, तू म्हणतेस माहीत नाही. मग मी विचारू कुणाला?"

ती फणकाऱ्यानं वळली आणि पुन्हा रस्ता ओलांडून मोबाईलच्या बंद दुकानाच्या पायरीवर जाऊन बसली, गुडघ्यांना मिठी मारून, पाळणाघराच्या दिशेनं तोंड करून. मला दुकान उघडायला उशीर होत होता. थोडं पुढे जाऊन मी मागे पाहिलं. ती तशीच बसलेली. आणि शेजारच्या काचेमागे साहेब कपाळाला हात लावून, उजेड अडवत, तिच्याकडेच बघत होते. मग त्यांची नजर वर आली आणि रस्त्यापलीकडून मला भेटली. त्यांनी मान लववली. मीही लववली.

आम्ही दोघंही तिच्यावर नजर ठेवून तिथे संध्याकाळपर्यंत उभे राहू शकलो असतो. मी आधी पाठ फिरवली आणि कामावर गेले.